'अफगाण' पांघरूण आणि क्रोशाची परिभाषा

अमेरिकेत क्रोशाच्या सुईने घरी विणलेल्या लोकरी पांघरुणास 'अफगाण' म्हणतात. या नावावरून ही विद्या अफगाणिस्तानातून पश्चिमेकडे गेली असावी, असे अनुमान सहज निघते. परंतु देशवाचक नाव हा वस्तूच्या उगमाचा पुरावा नव्हे. हस्तकलांच्या इतिहासात नावांची साक्ष कोठवर ग्राह्य मानावी, हे या पांघरुणाच्या निमित्ताने तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

'क्रोशा' हा शब्द मूळ फ्रेंच. 'क्रो' म्हणजे आकडा व 'क्रोशे' हे त्याचे लघुत्वदर्शक रूप. या कामाचे छापील नमुने 1820 च्या दशकात नेदरलंड्समधील 'पेनेलोपे' या नियतकालिकात आढळतात. 1800 पूर्वीच्या युरोपात या विद्येचा खात्रीलायक पुरावा मिळत नाही, असा डॅनिश संशोधिका लिस पालुदान यांचा निष्कर्ष आहे. 1840 नंतर एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांच्या नमुना-पुस्तकांनी ही विद्या इंग्लंडमधील घरोघरी पोचविली. 1845 ते 1849 च्या दुष्काळात तीच आयर्लंडमधील अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन झाली. 'अफगाण' हे नाव इंग्रजीत रूढ झाले तेही याच शतकात. लांब सुईवर अनेक टाके धरून विणण्याच्या एका प्रकारास तर 'अफगाण' आणि 'ट्युनिशियन' ही दोन्ही नावे आहेत. दोन खंडांतील दोन देशांची नावे एकाच विणीला लाभावीत, यातच अशा नावांच्या साक्षीचे मोल कळून येते.

याउलट, विणणारीच्या हातातून घडलेल्या संज्ञा कृतीशी अधिक इमान राखतात. इंग्रजी संज्ञा पुष्कळशा संख्यावाचक आहेत व तेथेच घोटाळा होतो. ब्रिटिश परिभाषेतील 'डबल' टाका अमेरिकेत 'सिंगल' ठरतो, आणि ब्रिटिश 'ट्रेबल' तेथे 'डबल' होतो. ब्रिटिश पुस्तकातला 'डबल' अमेरिकन विणणारीने आपल्या अर्थाने घेतला, तर प्रत्येक ओळ उंच होऊन पांघरुणाचे माप बिघडते. मराठीतील 'साखळी' आणि 'खांब' या संज्ञा टाक्यांच्या आकारावरून पडल्या आहेत. साखळी साखळीसारखी दिसते, खांब खांबासारखा उभा राहतो.

उठावाच्या विणीचे पांघरूण विणताना या संज्ञेचे सामर्थ्य प्रत्ययास येते. नेहमीच्या विणीत सुई खालच्या ओळीतील खांबाच्या माथ्यावरून जाते. उठावाच्या विणीत मात्र ती खांबालाच वळसा घालते. दर्शनी बाजूने वळसा घातल्यास नवा खांब पुढे येतो, मागील बाजूने घातल्यास तो मागे सरतो. चार खांब पुढे व चार मागे अशा काही ओळी विणून मग क्रम उलटला, म्हणजे पांघरुणावर टोपलीच्या विणीसारखे चौकोन उठतात. अशा विणीस लोकर अधिक लागते, परंतु पांघरूणही जाड व उबदार होते. 'खांबाला वळसा' एवढे म्हटले की कृतीचे मर्म उलगडते.

नावांचा हा विचार केवळ व्युत्पत्तीपुरता नाही. क्रोशाची वीण आजही यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे, प्रत्येक टाका हातानेच घ्यावा लागतो. तरीही या श्रमास 'फावल्या वेळेचे काम' म्हणण्याची रीत आहे. आंध्रमधील नरसापूर येथे क्रोशाची लेस विणून परदेशी बाजारास पुरविणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास मारिया मीस यांनी 1982 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. दिवसाचे कित्येक तास विणूनही या स्त्रिया कामगार नव्हे, 'गृहिणी' गणल्या जात, आणि त्यामुळेच त्यांना अत्यल्प मोबदला देणे सोयीचे होई, हे त्यांनी दाखवून दिले.

'अफगाण' या नावाने वस्तूचा उगम झाकला, 'गृहिणी' या नावाने श्रम झाकले. पहिल्या नावाने इतिहासकाराची दिशाभूल होते, दुसऱ्याने विणणारीचे प्रत्यक्ष नुकसान होते. म्हणून हस्तकलेच्या शब्दसंग्रहास हात घालणाऱ्या अभ्यासकाने बाहेरून चिकटलेली नावे पारखून घ्यावीत, आणि काम करणाऱ्या हातांचे शब्द त्या हातांजवळ बसून टिपावेत.