पाळणाघर: घर की धंदा?

पाळणाघर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोणा काकूंची दोन खोल्यांची जागा येते. दारात छोट्या चपलांचा ढीग, आत वरणभाताचा वास. इथे कॅलिफोर्नियात अशा काकूंना सरकारी परवाना लागतो, हे मला लगेच पटलं. पण कुठल्या भागात काय चालेल हे ठरवणाऱ्या सिटीच्या नकाशाचा त्यात काय संबंध?

शोधत गेलो तर थेट लॉन्ड्रीपर्यंत पोचलो! १८८५ साली मोडेस्टो गावाने कपडे धुण्याचा धंदा ठरावीक भागातच करायचा असा नियम केला. धुणारे बहुतेक चिनी होते, तेव्हा राग काही साबणाच्या पाण्यावर नव्हता. १९१६ मध्ये बर्कलीने एल्मवुड भागात एकेका कुटुंबाच्या घरांपुरता पट्टा आखला. पुढे १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच अशा पट्ट्यांना मान्यता दिली. राहायचं इथे, कमवायचं तिथे. आईही कमवायला गेली तर मूल कुठे ठेवायचं, हे मात्र त्या नकाशात कुठेच नव्हतं.

१९८० च्या दशकात राज्याने कायदा करून छोट्या पाळणाघराला घरच मानलं. आज ही मर्यादा सहा मुलांची, काही अटींवर आठ. मोठ्या पाळणाघराची बारा ते चौदा. या मोठ्यांवर मात्र सिटीचा हात राहिला: पार्किंग, रहदारी, दोन पाळणाघरांमधलं अंतर आणि आवाज. (पानं उडवायच्या यंत्राला चालतं ते पोरांच्या कलकलाटाला का चालू नये, देव जाणे.)

आमच्या ओळखीच्या एका ताईंनी अग्निशमनाची तपासणी, बोटांचे ठसे, प्रथमोपचाराचा कोर्स, सगळं पार पाडलं. अडलं ते पार्किंगवर. शेजाऱ्यांना नोटिसा, सुनावणी, वर फी. शेवटी त्या छोट्यावरच थांबल्या आणि निम्म्या आयांना 'जागा नाही' सांगत राहिल्या.

२०१९ मध्ये एसबी २३४ हा कायदा झाला. तो मांडणाऱ्या सिनेटर नॅन्सी स्किनर बर्कलीच्याच, ही मोठी गंमत. १ जानेवारी २०२० पासून मोठं पाळणाघरही घरच धरलं जातं. सिटीला वेगळा परवाना मागता येत नाही, धंद्याची फीही नाही. राज्याचा परवाना आणि आगीचे नियम तसेच आहेत, आणि ते असावेतच. घरमालकही मनाई करू शकत नाही. मोठ्या पाळणाघरात त्याची लेखी संमती लागते ती तेराव्या-चौदाव्या मुलासाठी.