झाडात कापलेलं नाव

आज सुरुवात माझ्या गॅलरीतून. तिथे कुंडीत मधुकामिनीचं एक झाड आहे. दोन वर्षं थोडं थोडं कापून त्याला चेंडूसारखा गोल आकार आणला. कुंडी अधूनमधून फिरवायची, नाहीतर उजेडाकडची बाजू फोफावते. एकदम खूप कापायचं नाही, शेंडे वरचेवर खुडायचे. मागच्या पावसाळ्यात प्रकरण लिहिण्याच्या नादात पाच-सहा आठवडे कात्री लावली नाही आणि चेंडूचं पुन्हा झुडूप झालं.

झाडांना असे आकार देण्याच्या कलेला टोपियरी म्हणतात. प्राचीन रोममधली ही कला माझ्या प्रबंधाचा एक भाग आहे. या झुडपामुळे माझा प्रश्न मला नीट कळला: जी वस्तू कात्री थांबली की नाहीशी होते, तिचा इतिहास लिहायचा कशावरून?

‘पहिला’ या शब्दापासून सावध

माझ्या पहिल्या मसुद्यातलं पहिलं वाक्य होतं, ‘टोपियरीचा जनक गायस मॅटियस.’ आधार भक्कम वाटत होता. थोरल्या प्लिनीने ‘नॅचरल हिस्टरी’त तसं लिहिलंय: सम्राट ऑगस्टसचा मित्र मॅटियस याने छाटलेल्या झाडीची कल्पना काढली, आणि तीही गेल्या ऐंशी वर्षांत. हा ग्रंथ साधारण इ.स. ७७चा.

मार्गदर्शकांनी त्या वाक्याखाली रेघ मारून एवढंच विचारलं, ‘मग सिसेरोचं काय?’

सिसेरोने इ.स.पू. ५४मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याच्या ‘टोपियारियस’चं, म्हणजे माळ्याचं, कौतुक केलंय. हा माळी करतो काय? भिंतीवर, खांबांच्या मधे आयव्हीचा वेल चढवतो. कात्रीचा उल्लेखच नाही! म्हणजे शब्द जुना, पण तेव्हा त्याचा अर्थ ‘शोभेची बाग सजवणारा’ असा व्यापक होता. ‘छाटून आकार देणं’ हा नेमका अर्थ त्याला नंतर चिकटला. मी आजचा अर्थ दोन हजार वर्षांपूर्वीच्या शब्दावर लादत होते.

हे लक्षात ठेवा: शब्दाचा इतिहास आणि वस्तूचा इतिहास वेगवेगळे असतात. दोन्ही एकत्र चालतील असं गृहीत धरू नका.

कात्री कोणाच्या हातात?

दुसरी चूक जास्त खोल होती. मॅटियस हा सम्राटाच्या वर्तुळातला माणूस, म्हणून त्याचं नाव ग्रंथात आलं. रोज झाडाशी उभं कोण राहत होतं? उत्तर पुन्हा सिसेरोकडेच मिळतं. ‘पॅराडॉक्सा स्टोइकोरम’मध्ये तो मोठ्या घरातल्या गुलामांबद्दल बोलतो. काही गुलाम स्वतःला इतरांपेक्षा वरचे समजतात, आणि त्यांत टोपियारियसही आहेत. प्रतिष्ठा थोडी जास्त, पण गुलामच.

आता धाकट्या प्लिनीचं पत्र वाचा, पाचव्या खंडातलं सहावं. हा थोरल्याचा भाचा. एट्रुरियातल्या आपल्या बागेचं वर्णन करताना तो सांगतो, की बॉक्सवूडच्या झुडपांना प्राण्यांचे आकार दिलेत. काही ठिकाणी अक्षरं कापलीत. त्या अक्षरांत कधी मालकाचं नाव आहे, तर कधी ती बनवणाऱ्या कारागिराचं.

इथे मी थांबले. कारागिराचं नाव बागेत होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येत होतं. पण प्लिनीने ते पत्रात लिहिलं नाही. मालकाचं नाव कागदावर आलं म्हणून टिकलं, कारागिराचं झाडावरच राहिलं. कात्री थांबली, तसं तेही गेलं.

माती काय सांगते?

मग पुरातत्त्वाकडे वळावं लागतं. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत विल्हेल्मिना जॅशेम्स्की यांनी बागा उकरल्या. झाडं कुजून गेली, तरी मुळांच्या जागी पोकळ्या उरल्या होत्या. त्या रिकाम्या करून त्यांत सिमेंट ओतलं, की मुळाचा ठसा हातात येतो. तळाला भोक असलेल्या मातीच्या कुंड्याही सापडल्या. अशा कुंडीचा उपयोग इ.स.पू. दुसऱ्या शतकात केटोने सांगितलाय: फांदी भोकातून ओवायची, माती भरायची, मुळं फुटली की कापून कुंडीसकट लावायची.

म्हणजे मुळं टिकली, कुंड्या टिकल्या. वरचा आकार मात्र फक्त शब्दांत उरला, आणि ते शब्द मालकवर्गाचे. म्हणून कुठलंही साधन हातात घेताना दोन प्रश्न विचारा: हे काय सांगू शकतं? आणि काय सांगूच शकत नाही? प्रबंधाच्या मर्यादा लिहिताना हेच लागतं, त्यात कमीपणा नाही.

मुंबईत मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये झुडपांचे प्राणी तुम्ही पाहिले असतील, त्यांच्यासोबत फोटोही काढले असतील. बागेला नाव फिरोजशहा मेहतांचं आहे. पुढच्या वेळी गेलात तर तिथे कात्री घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी बोला, आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांचं नाव वहीत लिहून घ्या. धाकट्या प्लिनीने एवढं केलं असतं, तर माझ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य वेगळं झालं असतं.