टर्बोचार्जित मोटारगाडीतील उष्णतानियमन : थर्मोस्टॅटच्या निवडीचा ऐतिहासिक विचार

टर्बोचार्जरचा इतिहास सामान्यतः शक्तीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीचे १९०५ मधील पेटंट, त्यानंतर जहाजांची डिझेल इंजिने, दुसऱ्या महायुद्धातील विमाने आणि अखेर १९६२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या प्रवासी गाड्या, अशी ही मालिका मांडली जाते, आणि प्रत्येक पायरीवर अश्वशक्ती किती वाढली याची नोंद होते. शक्तीबरोबर वाढलेल्या उष्णतेचे काय झाले, आणि गाडी जुनी झाल्यावर ती उष्णता वाहून नेण्याची जबाबदारी कोणावर पडली, हा प्रश्न मात्र उपेक्षितच राहतो. वस्तुतः या गाड्यांचे आयुष्य पुष्कळ अंशी त्याच्याच उत्तरावर ठरले.

१९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर हे याचे पहिले आणि बोलके उदाहरण होय. तिच्या २१५ घनइंची ॲल्युमिनियमच्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर १०.२५ : १ इतके उंच होते. त्यावर टर्बोचा दाब चढला की सिलिंडरातील मिश्रण अवेळी पेटून नॉकिंग सुरू होणार, हे उघड होते. म्हणून मिथेनॉल व ऊर्ध्वपातित पाणी यांचे मिश्रण प्रवेशनळीत फवारले जाई. ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’ असे त्याचे भारदस्त नाव होते. टाकी रिकामी झाल्यास दाब आपोआप रोखणारी झडपही योजलेली होती. योजना विचारपूर्वक केलेली होती, यात शंका नाही. पण मालक टाकी भरावयास विसरत. १९६५ मध्ये कंपनीने टर्बो काढून त्या जागी साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. यंत्राचा पराभव येथे यंत्रशास्त्राने केला नाही, देखभालीच्या सवयीने केला.

थर्मोस्टॅटचा इतिहास याहून जुना आहे. कॅडिलॅक कंपनीने १९१४ मध्ये सादर केलेल्या आठ सिलिंडरी गाडीत पाण्याचे तापमान आपोआप राखण्याची व्यवस्था होती. त्या काळचे थर्मोस्टॅट भात्याच्या घाटाचे असत; भात्यातील बाष्पनशील द्रव तापला की भाता फुगे आणि झडप उघडे. पुढे रेडिएटरचे टोपण दाब धरणारे झाले. दाबाखाली पाणी १०० अंशांच्या पुढे उकळते. सुमारे एक वातावरण जादा दाब असता ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते. परंतु हाच दाब भात्यालाही बाहेरून आवळू लागला आणि त्याचे उघडणे अनिश्चित झाले. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने याने विकसित केलेल्या मेणाच्या थर्मोस्टॅटने ही अडचण दूर केली. मेण वितळताना प्रसरण पावते, दांडीस रेटते आणि झडप उघडते. भोवतीच्या दाबाचा त्यावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही.

या उपकरणाविषयीचा एक गैरसमज मात्र मेणानेही वितळला नाही. थर्मोस्टॅट इंजिन थंड करतो, सबब कमी अंशांचा बसवावा, किंवा काढूनच टाकावा, असे मानले जाते. भारतातील गॅरेजांतही उन्हाळ्यात तो काढून टाकण्याची रीत दीर्घकाळ होती. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट तापमानाची खालची मर्यादा ठरवितो. वरची मर्यादा रेडिएटर, पंखा व पाणपंप यांच्या कुवतीवर अवलंबून असते. छापील अंकाला झडप उघडू लागते आणि साधारण दहा अंश पुढे ती पूर्ण उघडते. त्यानंतर ८० अंशांचा आणि ७१ अंशांचा थर्मोस्टॅट यांत म्हणण्यासारखा भेद उरत नाही.

१९७३ मध्ये सादर झालेल्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बो या गाडीच्या बाबतीत तर हा गैरसमज घातकच ठरतो. या गाड्या केवळ १,६७२ तयार झाल्या. त्या इंजिन-घराण्यातील थर्मोस्टॅट तीन तोंडांचा आहे: रेडिएटरकडील वाट उघडताना तो इंजिनात परत जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला की आडवाट कायम उघडी राहते आणि तापलेल्या पाण्याचा काही भाग रेडिएटरला न शिवताच पुन्हा इंजिनात शिरतो. म्हणजे थंडाव्यासाठी केलेला उपाय चढावर उष्णताच वाढवितो. उलट हलक्या भारावर इंजिन पुरेसे तापत नाही. कुगेलफिशरच्या यांत्रिक इंधनक्षेपकात पाण्याच्या उष्णतेवर चालणारा मेणाचाच एक नियामक आहे. पाणी थंड राहिले तर इंजिन अद्याप गार आहे असे समजून तो जादा पेट्रोल देत राहतो. ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील वंगण धुऊन नेते.

कमी अंशांच्या थर्मोस्टॅटचा पक्ष अगदीच निराधार आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. १९८६-८७ च्या ब्युइक ग्रँड नॅशनलमध्ये मूळचा १९५ अंश फॅरनहाइटचा काढून १६० चा बसविण्याची प्रथा पडली. जोर लावण्याच्या क्षणी सिलिंडरशीर्ष थोडे थंड असले तर नॉकिंगची सीमा किंचित लांबते. परंतु दाबलेल्या हवेची उष्णता थर्मोस्टॅट कमी करीत नाही. ते काम इंटरकूलरचे आहे.

१९८० च्या दशकात शीतनाचे पाणी थेट टर्बोच्या बेअरिंगभोवती खेळविण्याची पद्धत रूढ झाली, आणि देखभालीस नवे महत्त्व आले. तोवर बेअरिंगला केवळ तेलाचा आधार होता. भरधाव प्रवासानंतर इंजिन एकाएकी बंद केले की तेल थांबे, टर्बाइनची उष्णता आसाकडे पसरे आणि तेल जळून त्याचा कोळसा होई. थांबण्यापूर्वी मिनिटभर इंजिन संथ चालू ठेवावे, हा सल्ला त्यातूनच आला. पाण्याच्या वेष्टनात इंजिन बंद झाल्यावरही उष्ण पाणी आपोआप वर चढून अभिसरण चालू राहते. मात्र मार्गात हवेचा बुडबुडा अडकला असेल किंवा गाळ साठला असेल तर ते खुंटते.

म्हणून जुन्या टर्बो गाडीत थर्मोस्टॅटची निवड निर्मात्याने सांगितलेल्या अंकाची व घाटाची करावी, आणि शंका रेडिएटरवर घ्यावी. गर्दीत रेंगाळताना काटा चढत असेल तर दोष बहुधा पंख्याचा. मोकळ्या रस्त्यावर वेगात चढत असेल तर नळ्यांत साचलेल्या क्षाराचा किंवा पंपाचा. आणि काटा हलतच नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचा. ओतीव लोखंडाचा ठोकळा आणि ॲल्युमिनियमचे शीर्ष एकत्र असता गंजरोधक द्रव्ये संपलेले शीतक ॲल्युमिनियम खाऊ लागते. यासाठी ग्लायकॉल आणि ऊर्ध्वपातित पाणी यांचे मिश्रण ठरावीक मुदतीने बदलावे लागते. नवा थर्मोस्टॅटही बसविण्यापूर्वी पातेल्यातील पाण्यात तापमापकासह टांगून पाहावा. टोपणाची स्प्रिंग मऊ पडली असेल तर हे सर्व करूनही पाणी शंभर अंशांच्या आसपासच उकळते, आणि टोपण हा भाग सर्वांत स्वस्त असल्यामुळेच बहुधा सर्वांत शेवटी तपासला जातो.