ब्लॅक अँड व्हाईटवरचे आठ रंग

आजच्या मुलांना सांगून खरं वाटणार नाही, पण एके काळी घरगुती कॉम्प्युटरला स्वतःचा पडदाच नसायचा. तो घरातल्या टीव्हीला जोडायचा. आणि आमच्या टेंभुर्णीकडे टीव्ही म्हणजे बहुतेक ब्लॅक अँड व्हाईटच!

ब्रिटनमधल्या सिंक्लेअर कंपनीचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' एप्रिल १९८२ मध्ये आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्या दूरदर्शनवर रंग आले. पुढे १९८६ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लसची भारतीय आवृत्ती काढली, रीतसर परवाना घेऊन. म्हणजे आपल्याच सोलापूर रस्त्याच्या त्या टोकाला.

स्पेक्ट्रमच्या पोटात एलएम १८८९ नावाची एक चिप होती, अमेरिकेच्या नॅशनल सेमीकंडक्टरची. तिचं कौतुक कुणी करत नाही, म्हणून हे चार शब्द.

कॉम्प्युटरची मुख्य चिप तीन सिग्नल देई: एक उजेडाचा, दोन रंगांचे. टीव्हीकडे जाणारी वायर मात्र एकच. मग ही चिप रंगांचे दोन्ही सिग्नल ४.४३ मेगाहर्ट्झच्या एकाच लहरीवर चढवायची, एक दुसऱ्याच्या पाव फेरा पुढे ठेवून, म्हणजे टीव्हीला ते पुन्हा वेगळे करता येत. ही लहर उजेडाच्या सिग्नलमध्ये मिसळली की झालं रंगीत चित्र. ब्रिटन आणि भारत, दोघांकडे पाल पद्धत. म्हणून रंगांची ही भाषा आपल्या टीव्हीलाही कळायची.

पण खरी गंमत पुढेच आहे. ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही रंगाची लहर सोडून देतो आणि फक्त उजेड वाचतो. स्पेक्ट्रमच्या रंगांचे क्रमांक बघा: ० काळा, १ निळा, २ लाल, ३ किरमिजी, ४ हिरवा, ५ आकाशी, ६ पिवळा, ७ पांढरा. हा क्रम उजेडाचा आहे! त्यामुळे साध्या टीव्हीवर तेच आठ रंग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत चढत जाणाऱ्या करड्या छटा होऊन दिसायचे.

रंगीत टीव्ही तेव्हा सगळ्यांना थोडाच परवडत होता? पण ज्याच्याकडे तो नव्हता, त्याच्याही पोराला प्रोग्राम लिहिता यायचा, आणि लाल कुठे, पिवळा कुठे, हे छटेवरून ताडता यायचं. नवीन काही आणताना जुनं वापरणाऱ्याला बाहेर ठेवायचं नाही, हा विचार त्या सगळ्या रचनेत होता. हल्ली दर दोन वर्षांनी चांगला चालणारा फोन 'जुना' ठरतो, तेव्हा मला हा आठ छटांचा जिना हमखास आठवतो.