शिकणारा गिअरबॉक्स

नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज गाडी २०१५ च्या अखेरीस थांबली. तिच्या ‘झेडडीएम’ इंजिनांत शक्ती चाकांपर्यंत पोचे ती फिरत्या तेलामार्फत. ही युक्ती जर्मन अभियंता फ्योटिंगर याची, १९०५ मधली, आणि तीही जहाजांसाठी! भारतीय रेल्वेतले अभियंते मनमोहन सुरी यांनी तिच्यावर आधारलेले ‘सुरी ट्रान्समिशन’ रचले.

मोटारीत १९३९ साली ‘हायड्रामॅटिक’ आला. वेग आणि अॅक्सिलरेटर यांनुसार तेलाचा दाब बदले आणि गिअर आपोआप पडे. मात्र क्लचच्या चकत्या झिजल्या तरी नियम तोच. मग गाडी हिसके देऊ लागे.

१९८९ च्या मॉडेलांत क्रायस्लरने संगणकाला कामाला लावले. गिअर बदलताना तो दंडांचे फेरे मोजतो. क्लच घट्ट बसेपर्यंत किती तेल लागले हे त्यावरून ताडतो, आकडा स्मृतीत ठेवतो आणि पुढच्या खेपेस तेल त्या बेताने सोडतो. वर्गात पुनर्भरण समजावताना शीतकपाटापेक्षा हे उदाहरण सरस, कारण शीतकपाटाला कालचे काही आठवत नाही.

अर्थात ‘शिकणे’ हा शब्द इथे सैलच. झिजलेल्या क्लचसाठी जमवलेला आकडा नव्याला लागू पडत नाही. म्हणून दुरुस्तीनंतर तो पुसून गाडीला पुन्हा पहिलीत बसवावे लागते.