नळीतला पीळ

नाशिकच्या एनसीसी कॅडेटच्या हाती पहिल्यांदा येते ती 'पॉइंट टू टू' रायफल. या जातीच्या नळीतले आटे गोळीला साधारणपणे 16 इंचांत एक फेरा देतात. 16च का, हे विचारत मागे गेलं की वाट देवळालीच्या तोफखान्याच्या विद्येशी येऊन मिळते.

1857च्या काडतुसांची चरबी आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. ती काडतुसं ज्या एनफील्ड रायफलची, तिचा पीळ मात्र कुणी सांगत नाही: 78 इंचांत एक फेरा. नळी 39 इंचांची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत अर्धाच फेरा! गोळी आखूड नि जाड होती, म्हणून तेवढं पुरे. त्याच 1857 साली मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थची रायफल ब्रिटिश चाचण्यांत एनफील्डपेक्षा कितीतरी अचूक ठरली. तिची गोळी बारीक, लांब. पीळ 20 इंचांत एक. प्रयोग करकरून त्याने तो गाठला होता. मला या वंशावळीतला खरा पूर्वज तोच वाटतो.

गणित आलं 1879मध्ये. वूलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिलने लांबट गोळ्यांना एका फेऱ्यासाठी किती इंच हवेत याचं सूत्र मांडलं: गोळीच्या व्यासाचा वर्ग गुणिले 150, भागिले तिची लांबी, सगळं इंचांत. पॉइंट टू टूची गोळी 0.223 इंच जाड, लांबी सुमारे 0.46 धरा. उत्तर येतं 16च्या आसपास! तोफेसाठीचा हिशेब एवढ्याशा शिशाला तंतोतंत बसतो. भोवऱ्यासारखंच आहे: उंच, सडपातळ भोवरा उभा राहायला जास्त वेग मागतो. म्हणून पीळ ठरवताना आधी लांबी बघायची, वजन नंतर.

हवेचाही वाटा असतो. अमेरिकेच्या एम-16 रायफलचा पीळ आधी 14 इंचांत एक होता. कडाक्याच्या थंडीत, दाट हवेत गोळ्या डगमगू लागल्या, तेव्हा तो 12 केला. पुढे 1980च्या सुमारास नाटोने 5.56 मिमीची लांब गोळी स्वीकारली. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध कारखान्यात याच व्यासाची काडतुसं बनतात. त्या नव्या गोळीला 9 इंचांत एक फेरा चालला असता. पण जोडीची ट्रेसर, म्हणजे मागे उजेडाची रेघ सोडणारी गोळी आणखी लांब निघाली, आणि तिच्यासाठी एम-16चा पीळ 7 इंचांवर आणावा लागला.