वळणे, पालटणे, फिरणे

दिशा, बाजू किंवा स्थिती बदलल्याचे सांगणारी मराठी क्रियापदे. झोप न लागलेला माणूस कूस पालटतो. तव्यावरची भाकरी मात्र उलटतात आणि पोहे परततात. अर्थांनी सर्वांत श्रीमंत ‘वळणे’. रस्ता वळतो, लाडू आणि वाती वळतात, रानातली गुरे वळून आणतात, पोराच्या अक्षराला वळण लागते, भीतीने बोबडी वळते. ‘कळते पण वळत नाही’ यात तर वळणे म्हणजे आचरणात येणे.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड तालुक्यांत या शब्दांना पाण्याने व रेल्वेने जास्तीचे काम लावले आहे. शिरूरला चासकमान व घोड, तर दौंडला खडकवासला कालव्याचे पाणी पाळीने मिळते. सरकारी कागदात पाळीला ‘आवर्तन’ म्हणतात. त्याच्याही मुळाशी फिरणेच आहे. शिवारात पाणी आले की दारे धरणारा फावड्याने एका वाफ्याचे तोंड बुजवतो, पुढच्याचे फोडतो. हे पाणी वळवणे. विहिरीच्या मोटारीला वीज रात्रीची असेल, तर झोपेचे खोबरे ठरलेलेच.

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. हे गाडी फिरवणे, आणि त्यात थांबा लांबे. जंक्शनला बगल देणाऱ्या कॉर्ड लाइनमुळे अनेक गाड्यांचा हा खटाटोप टळला.